निष्ठेची तक्रार करण्याआधी पाळीबदल पाहा

महोदय,

चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी या पट्ट्यातल्या कारखानदारांच्या मुलाखती छापून येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते. पोरं टिकत नाहीत, हजार रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गेटवर जातात, कंपनी कुणाला आपली वाटत नाही, मिळून काम करायची सवयच उरलेली नाही. उपायही ठरलेले असतात. वार्षिक स्नेहसंमेलन, छापील टी-शर्ट, लोणावळ्याच्या रिसॉर्टवर ‘टीम बिल्डिंग’ची सहल आणि एखाद्या वक्त्याचे दोन तासांचे व्याख्यान. तो खर्च अगदीच वाया जातो असे नाही, जेवण चांगले असते. पण टीम जुळते किंवा फुटते ती शॉप फ्लोअरवर, आणि ते ठरवणारे निर्णय व्यवस्थापनाने आधीच घेऊन ठेवलेले असतात. बस किती वाजता सुटणार, रिजेक्शन (नापास माल) कुणाच्या नावावर पडणार, इन्सेंटिव्ह किती जणांत वाटला जाणार, लाइन थांबवणाऱ्याला काय ऐकून घ्यावे लागणार. मोघम चर्चा पुष्कळ झाली, म्हणून या निर्णयांबद्दल जरा तपशिलात लिहितो.

पाळीबदल घ्या. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या वेळा म्हणजे सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात. कागदावर दोन पाळ्यांत एका मिनिटाचीही सामायिक वेळ नाही. पहिल्या पाळीची बस ३.४० ला सुटते, म्हणून ऑपरेटर ३.२० लाच हात धुवायला जातो. दुसऱ्या पाळीचा माणूस पंच करून, बूट-गॉगल चढवून मशीनवर येतो तोवर ३.३५ झालेले असतात. दोघांची गाठ पडलीच तर लॉकररूमच्या दारात.

आता मशीनवर काय चालले आहे ते बघा. सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या लेथवर, एक जॉब (एक भाग) ९० सेकंदांत निघतो असे धरू. साडेआठ तासांच्या पाळीतून अर्धा तास जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा वजा केले की ४६० मिनिटे उरतात, म्हणजे साधारण ३०० जॉब. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, एक धार २०० जॉब चालते. धार बदलायची म्हणजे इन्सर्ट फिरवायचा, ऑफसेट (पाते किती आत-बाहेर घ्यायचे याची मशीनला दिलेली दुरुस्ती) बघायचा, पहिला जॉब काढून गेजवर (मापाच्या साधनावर) तपासायचा आणि इन्स्पेक्टरची सही घ्यायची. यात दहा-बारा मिनिटे जातात, म्हणजे सात-आठ जॉब गेले. इन्सेंटिव्ह पाळीच्या आकड्यावर असेल तर तीन वाजता १९० जॉब झालेली धार कोण कशाला बदलेल? धार झिजते तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. ऑपरेटर दोन शतांश मिलिमीटरचा ऑफसेट देतो, तासाभराने आणखी दोन शतांश देतो आणि वेळ मारून नेतो. साडेतीनला तो निघून जातो.

दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, जॉबवर ओरखडे दिसतात म्हणून इमानदारीने धार बदलतो. पण आधीच्याने चार शतांशाचा ऑफसेट दिला आहे हे त्याला ठाऊक नसते. नवी धार आणि जुना ऑफसेट एकत्र आले की व्यास कमी भरतो. व्यास जास्त भरला तर पुन्हा कापता येतो, कमी भरला की जॉब थेट भंगारात. घाई असली आणि पहिला जॉब नीट मोजला गेला नाही, तर इन्स्पेक्टर फेरीवर येईपर्यंत वीस-पंचवीस जॉब गेलेले असतात आणि ते रिजेक्शन लागते दुसऱ्या पाळीच्या नावावर.

ही गोष्ट दोन वेळा घडली की दुसरी पाळी तिसऱ्या पाळीसाठी चिप ट्रे (कापलेल्या चुऱ्याचा ट्रे) भरलेला सोडते, कूलंट भरत नाही, गेज जागेवर ठेवत नाही. महिनाभरात सुपरवायझर म्हणतो, ‘या दोन पाळ्यांचं आपसात पटत नाही.’ एचआर समुपदेशन करते. मुलांचे एकमेकांशी काहीच वाकडे नसते. जो नीट वागेल त्याचे नुकसान होईल अशी व्यवस्था आपणच करून ठेवलेली असते.

यावरचा उपाय महागडा नाही, पण तो पूर्ण करावा लागतो. पाळ्या १५ मिनिटे एकमेकींवर चढवायच्या, त्या १५ मिनिटांचे पैसे द्यायचे आणि बस ३.५५ ला सोडायची. मशीनवरच दोघांनी मिळून एक जॉब मोजायचा, जाणाऱ्याचा शेवटचा तोच येणाऱ्याचा पहिला. लॉगबुकात तीनच ओळी हव्यात. धारेचे किती जॉब झाले, ऑफसेट एकूण किती दिला, काय अर्धवट राहिले. यापेक्षा मोठा फॉर्म केला की तो पाळी संपल्यावर एका बैठकीत, एकाच पेनाने भरला जातो, हे प्रत्येक ऑडिटरला ठाऊक असते. इथे हिशेबाची एक अडचण येते. रोज १५ मिनिटे म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात दीड तास. तो ४८ तासांच्या वर गेला की दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि बहुतेक कारखानदार इथेच पाय मागे घेतात. तसे असेल तर निदान सेटर (मशीन लावून देणारा) आणि लाइन लीडर यांची पाळी साडेसात ते चार अशी अर्ध्या तासाने सरकवा. पाळी बदलताना मशीनची खबर असलेला एक माणूस हजर राहतो आणि जादा पैसाही लागत नाही.

पण मूळ दुखणे आकडा कुणाच्या नावावर पडतो यात आहे. इन्सेंटिव्ह माणसावर किंवा पाळीवर लावला की माणूस शेजाऱ्याकडे पाहत नाही. आठ मशीनच्या सेलमध्ये, म्हणजे एकापुढे एक काम करणाऱ्या मशीनच्या गटात, तिसरे मशीन वेगवान आणि पाचवे रडतखडत चालणारे असेल, तर वैयक्तिक इन्सेंटिव्हवर तिसरा ऑपरेटर ढीग लावत सुटतो, पाचवा घामाघूम होतो आणि सेलमधून बाहेर पडणारे जॉब तेवढेच राहतात. मधल्या ट्रॉल्या मात्र भरतात. तिसऱ्याने उठून पाचव्याला लोडिंगला हात दिला असता तर सगळ्यांचा आकडा वाढला असता, पण मग त्याचा स्वतःचा पैसा गेला असता.

याच्या उलट टोकाला जाऊन सगळ्या प्लांटचा मिळून एकच इन्सेंटिव्ह ठेवणारेही आहेत. तोही फसतो. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून प्रयोग केले आणि १९१३ मध्ये ते छापले. आठ जणांनी मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या निम्म्यावर आला होता. जोर एकाच वेळी लागत नाही हे त्याचे एक कारण, आणि आपण ढिले पडलो तरी कुणाला कळणार नाही हे दुसरे. सहाशे माणसांच्या प्लांटमध्ये आजच्या आपल्या मेहनतीचे महिनाअखेरच्या स्लिपवर काय झाले हे कुणालाच दिसत नाही. गट सहा ते दहा जणांचा असावा, एकमेकांना दिसेल एवढ्या अंतरात असावा, आणि हिशेब तिन्ही पाळ्यांचा मिळून सेलवर व्हावा. आकड्यात फक्त चांगला जॉब धरायचा, रिवर्क (पुन्हा दुरुस्त करावा लागलेला माल) वजा करायचे. मशीन बंद पडल्याची आणि माल न आल्याची मिनिटे हिशेबातून काढायची, नाहीतर इन्सेंटिव्ह मेहनतीचा न राहता नशिबाचा होतो. आणि आकडा रोज सकाळी सेलच्या फळ्यावर लागला पाहिजे. महिन्यानंतर पगाराच्या स्लिपवर कळलेली रक्कम कुणाची वागणूक बदलत नाही, फक्त भांडणाला विषय पुरवते.

याहून मोठा घात नॉर्म, म्हणजे पाळीमागे ठरवून दिलेला आकडा, वाढवल्याने होतो. सेलने सलग दोन महिने चांगला आकडा काढला की इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगचा माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि पुढच्या महिन्यापासून ३०० चे ३३० होतात. त्यानंतर कितीही सांगा, आकडा ३३१ च्या वर जात नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण झाले. त्यांना मिळून काढलेल्या उत्पादनावर मोबदला होता, तरी दिवसाला दोन संच पुरे असे त्यांनी आपसात ठरवून टाकले होते. जास्त वेगाने काम करणाऱ्याच्या दंडावर बाकीचे ठोसा लगावत, आणि जास्त निघालेले काम दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर ढकलत. आकडा वाढला की दर कापला जाईल किंवा माणसे कमी होतील, ही त्यांची भीती होती. म्हणजे टीम होती, चांगली घट्ट होती, फक्त ती व्यवस्थापनाच्या विरोधात बांधलेली होती. आपल्याकडेही हेच दिसते. नवे मशीन किंवा नवे फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) आल्याशिवाय नॉर्म बदलणार नाही, हे वेतन करारात लिहून द्या आणि तीन वर्षे पाळा. कामगाराच्या स्वतःच्या हुशारीने वाचलेली सेकंदे त्याच्याकडेच राहू द्या. त्याशिवाय खरा आकडा कुणी दाखवणार नाही.

आता लाइन थांबवण्याबद्दल. जपानी पद्धतीचे जे काही आपल्याकडे आले, त्यात अँडॉनचा दिवा सगळ्यात दिमाखदार. पाहुण्यांना तो आवर्जून दाखवतात. कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढायची किंवा बटण दाबायचे आणि दिवा लागला की मदत यायची. बऱ्याच जणांना वाटते की दोरी ओढताच लाइन थांबते. तसे नसते. टीम लीडर लगेच येतो, आणि गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत जाईतो अडचण सुटली तर लाइन चालूच राहते. म्हणजे हाताशी असतो एका स्टेशनचा वेळ, कधी मिनिटभर. तेवढ्यात माणूस पोहोचायचा तर तो पाच-सहा कामगारांमागे एक, आणि जवळपास मोकळा उभा असावा लागतो. आपल्याकडे तीस-चाळीस जणांमागे एक सुपरवायझर, आणि तोही हजेरी, गेट पास, ओव्हरटाइमची मंजुरी, ग्राहकाच्या तक्रारीचा ई-मेल यांत अडकलेला. दिवा लागून लागून थकतो आणि शेवटी सूचना निघते, ‘दिव्याला हात लावायचा नाही, आधी मला सांगायचं.’ तोवर दोष पुढच्या चार स्टेशनांवर गेलेला असतो.

या बाबतीत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा दाखला आजही बोलका आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात, तक्रारींचे ढीग, दारू, बेकायदा काम बंद, सगळे काही होते. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो ‘नुमी’ या नावाने पुन्हा सुरू केला. माणसे बहुतांश जुनीच, युनियनही तीच. बदलले ते कामाचे नियम. ऐंशीच्या वर असलेली कामांची वर्गवारी चारवर आणली, चार-सहा जणांच्या टीम आणि प्रत्येकीला लीडर दिला, शेकडो लीडरांना जपानला नेऊन शिकवले, दोरी प्रत्येकाच्या हाताशी आणली. करारात लिहिले की कंपनीच्या अस्तित्वावरच बेतले नाही तर कुणाला काढणार नाही, आणि काढायची वेळ आलीच तर त्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी होतील. १९८७-८८ मध्ये विक्री पडली तेव्हा खरोखर कुणाला काढले नाही, रिकाम्या माणसांना प्रशिक्षणाला आणि कायझेनला (कामात छोट्या छोट्या सुधारणा करण्याला) लावले. गैरहजेरी दोन ते चार टक्क्यांवर आली.

गोष्ट इथे थांबवून टाळ्या घेण्याची पद्धत आहे. पण पुढचा भाग जास्त उपयोगाचा. जनरल मोटर्सने हेच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आपल्या व्हॅन नाइस कारखान्यात नेऊन पाहिले आणि फसले. टीमची नावे आली, बैठका आल्या, पण व्यवस्थापकाचे मोल दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावरच ठरत राहिले. मग लाइन थांबवणे सुपरवायझरला परवडणार कसे? तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. कामगाराला दोरी दिली आणि सुपरवायझरचा हिशेब जुनाच ठेवला तर दोरी शोभेची राहते. आपल्याकडे दिवा लावण्याआधी दोन गोष्टी ठरवा. दिवा लागल्यावर दोन मिनिटांत कोण येणार त्याचे नाव, आणि थांबलेली मिनिटे सुपरवायझरच्या रेटिंगमध्ये धरली जाणार नाहीत याचा लेखी आदेश.

कंत्राटी कामगारांचा विषय टाळून या पट्ट्यातल्या टीमवर्कबद्दल बोलणे म्हणजे कागदी घोडे नाचवणे. एकाच लाइनवर परमनंट, ठेकेदाराचा माणूस, ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिस शेजारी शेजारी उभे असतात. काम तेच, शर्टाचा रंग वेगळा, पगारात दुपटी-तिपटीचा फरक. कुठे कँटीनचा दर वेगळा, कुठे बसमध्ये जागा नाही. परमनंटला मशीन चालवायची वेळ आली की तो ‘पोराला’ सांगतो. मग सकाळच्या बैठकीत दोघांना ‘आपली टीम’ म्हणून टाळी वाजवायला लावतात.

पगारातला फरक एका रात्रीत मिटणार नाही, हे मान्य. पण ज्याला पैसा लागत नाही तेही होत नाही. भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स पाहा. चार भागांचे वर्तुळ असते. एक भाग भरला म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्र करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. अनेक ठिकाणी त्या तक्त्यावर मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंत्राटी मुलाचे नावच नसते. ग्राहकाचे ऑडिट असले की तक्ता रातोरात अद्ययावत होतो, आणि त्या दिवशी मशीनवर तक्त्यातला माणूस उभा केला जातो. आपले काम कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नाही, हे त्या मुलाला यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

आणि ‘ब्रेक’. सलग सेवेचे २४० दिवस भरून कायद्याचे हक्क लागू होऊ नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी माणसाला घरी बसवायचे, किंवा ठेकेदार बदलून त्याच माणसाला नवा दाखवायचा. साध्या असेंब्लीवर नवा माणूस दोन-तीन दिवसांत हाताशी येतो. सीएनसीवर लोडिंग आठवड्यात जमते, पण ऑफसेट आणि धारेची झीज समजायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे माणूस उपयोगाचा झाला की तीन-चार महिन्यांत त्याला काढायचे, आणि मग हजार रुपयांसाठी मुले गेट बदलतात म्हणून गळा काढायचा. त्यांनी तरी काय करावे? ब्रेक कधी मिळणार हे ठाऊक असलेला मुलगा आधीच दुसरी जागा बघून ठेवतो. अ‍ॅप्रेंटिसचेही तेच. कायद्याने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घेता येतात ते शिकवण्यासाठी. वर्षभर एकाच प्रेसवर बसवलेला मुलगा शिकत काही नाही, फक्त स्वस्तात पडतो. ज्यांना खरोखर माणसे टिकवायची आहेत त्यांनी निदान मुदतबंद नेमणूक थेट कंपनीच्या नावावर द्यावी. नव्या कामगार संहितांत मुदतबंद कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि ठेकेदाराचे कमिशनही वाचते.

आता ऑफिसकडे वळू, कारण खातेनिहाय केआरए (ज्यावर कामगिरी मोजली जाते ती उद्दिष्टे) हे फूट पाडण्याचे तितकेच हमखास साधन आहे. परचेसला दर कमी करायचा, क्वालिटीला रिजेक्शन कमी करायचे, प्रॉडक्शनला आकडा काढायचा. प्रत्येक जण आपापल्या पोळीवर तूप ओढतो. एक हिशेब मांडतो. समजा परचेसने कास्टिंग (ओतीव भाग) दोन रुपयांनी स्वस्त आणले, पण त्यात कठीण दाणे निघाले. चार धारांचा इन्सर्ट ४८० रुपयांचा, म्हणजे धार १२० रुपयांची. ती २०० जॉबऐवजी १२० च चालली, तर धारेचा खर्च जॉबमागे ६० पैशांवरून एक रुपयावर गेला. धार बदलायला दहा मिनिटे आणि मशीनचा तास ४५० रुपयांचा, म्हणजे दर बदलाला ७५ रुपये. ते जॉबमागे साडेसदतीस पैशांचे साडेबासष्ट पैसे झाले. २०० रुपयांच्या जॉबचे रिजेक्शन एका टक्क्याने वाढले की आणखी दोन रुपये. एकूण बोजा दोन रुपये पासष्ट पैसे. कंपनीला जॉबमागे पासष्ट पैशांचे नुकसान, परचेस मॅनेजरला बचतीचे बक्षीस आणि प्रॉडक्शन मॅनेजरला टूल कॉस्ट वाढल्याबद्दल मेमो. यानंतर त्या दोघांना कितीही रिसॉर्टांवर न्या. दोघांच्याही केआरएत ‘एका चांगल्या जॉबचा एकूण खर्च’ ही एकच ओळ टाकली, तर पुढचे कास्टिंग ठरवायला ते एकत्र फाउंड्रीत जातील.

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे रेटिंग आधीच ठरलेल्या प्रमाणात वाटण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. दहा जणांच्या टीममध्ये एक-दोघांना तळाचे रेटिंग द्यायचेच असा दंडक असला, की हुशार माणूस आपले ज्ञान मुठीत धरून बसतो, कारण शेजाऱ्याला शिकवणे म्हणजे आपले रेटिंग त्याला देणे. मॅनेजरही शहाणे होतात. एखादा कच्चा माणूस टीममध्ये मुद्दाम ठेवतात, तळाला घालायला. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडली. हिंजवडीपासून भोसरीपर्यंत अजूनही ती कुठे उघडपणे, कुठे ‘नॉर्मलायझेशन’ या सभ्य नावाने चालू असल्याचे ऐकू येते. शिवाय वर ९० दिवसांचा नोटीस पिरियड. माणूस मनाने गेल्यावर तीन महिने दावणीला बांधून ठेवण्यात कोणती निष्ठा मिळते, ते मला तरी कळलेले नाही.

कायझेन आणि सूचना योजना यांचे आपण जे केले आहे त्यावर वेगळे पत्र होईल. ‘महिन्याला माणशी दोन’ असे टार्गेट लावले की बोर्ड रंगवला, डस्टबिन हलवली, पिवळी पट्टी मारली अशा सूचनांचा पाऊस पडतो. जपानमध्ये १९६२ साली क्वालिटी सर्कल सुरू झाली, भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात. कल्पना अशी, की काम करणाऱ्यांनीच आपल्या कामातली अडचण निवडायची आणि सोडवायची. आज स्पर्धेच्या मंचावर जे सादरीकरण होते त्यातल्या बऱ्याच स्लाइड्स इंजिनीअरने बनवलेल्या असतात आणि कामगाराने पाठ केलेल्या असतात. सूचना खरोखर हव्या असतील तर सात दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारणासह, असे उत्तर द्या. दोन-तीन हजारांपर्यंतचे फिक्स्चर किंवा रॅक मंजूर करायचा अधिकार सुपरवायझरला द्या, म्हणजे फाइल प्लांट हेडपर्यंत जाणार नाही. बक्षिसापेक्षा आपली सूचना पुढच्या आठवड्यात मशीनवर लागलेली दिसणे जास्त काम करते. सूचना ज्याची, नाव त्याचेच लागले पाहिजे, तो ठेकेदाराचा असला तरी. आणि सूचनेमुळे एक माणूस वाचला तर त्याला गेटबाहेर काढू नका. टोयोटात अशा वेळी टीममधला सगळ्यात कुशल माणूस बाहेर काढून चांगल्या कामावर नेण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे सर्वांत कच्चा किंवा कंत्राटी माणूस काढतात. मग पुढची सूचना कोण देणार, आपल्याच मित्राच्या पोटावर पाय द्यायला?

शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे कामगार आणि मालक यांची कार्यसमिती हवी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही बाजूंच्या समान प्रतिनिधींची, जास्तीत जास्त दहा जणांची तक्रार निवारण समिती तिच्यानुसार बंधनकारक आहे. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लावायचा आहे. या समित्या बहुतेक ठिकाणी एचआरच्या कपाटात राहतील अशी भीती वाटते, कारण कार्यसमित्यांचे तेच झाले. इतिवृत्त आधी तयार होते, बैठक नंतर, सही चहाबरोबर. समितीत रात्रपाळीचा एक माणूस असावा आणि आधीच्या बैठकीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे नाव आणि तारीख लिहिलेली असावी, एवढे दोन नियम पाळले तरी कँटीनची पोळी आणि टॉयलेटचे पाणी यावर वर्षभर साचणारा राग तिथेच निवळतो. लाइनवरची निम्मी धुसफूस याच दोन गोष्टींची असते.

शेवटी एक विनंती. आपल्या वृत्तपत्रासह अनेक संस्था दरवर्षी उत्कृष्ट व्यवस्थापनाचे पुरस्कार देतात. अर्जासोबत सहलींचे फोटो मागण्याऐवजी चार आकडे मागावेत. कंत्राटी धरून पहिल्या वर्षात किती टक्के माणसे सोडून गेली किंवा काढली गेली. सूचनेला उत्तर मिळायला सरासरी किती दिवस लागले. एका लाइन लीडरमागे किती कामगार आहेत. आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या तासात दिवसातले किती टक्के रिजेक्शन निघते. हे आकडे कोणत्याही कारखान्यात अर्ध्या दिवसात काढता येतात. टाइम ऑफिस, क्वालिटीचे रजिस्टर आणि ठेकेदाराचा हजेरीपट यांत ते पडलेलेच असतात.

आपला,
उत्पादन व्यवस्थापन क्षेत्रातील एक वाचक, चिंचवड